दुसऱ्या टप्प्यावरची बांधी

"बूट काढा साहेब. बांधीत बूट घालून येत नाईत."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मी कोळसा खाणीच्या डंपवर उभा होतो. डंप म्हणजे कोळशाच्या वरची माती, मुरूम, दगड उपसून बाजूला टाकतात, त्याचा झालेला डोंगर. आमचा डंप तीन टप्प्यांचा होता, जिन्याला पायऱ्या असतात तसा, आणि मी धापा टाकत दुसऱ्या टप्प्यावर पोचलो होतो. समोर हिरवंगार धान डोलत होतं. धानात घोटाभर पाणी, भातखाचरात असतं तसं; आमच्याकडे त्या खाचराला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा धुरा म्हणजे बांध, हातानं थापून थापून गुळगुळीत केलेला. आणि धुऱ्यावर पत्रूजी लोनबले उकिडवे बसलेले. डोक्यावर कंपनीचं हेल्मेट, अंगात कंपनीचं पिवळं जाकीट, खाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर.

"पत्रूजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"निंदून राह्यलो जी."

"ते दिसून राहिलं मला! हे धान इथं काहून आहे?"

"लावलं म्हनून हाये."

माझं डोकं पहिल्यापासून तापट. आता मी रिटायर झालोय, डोकं तेच आहे, ओरडायला माणसं कमी झाली एवढंच. पण त्या दिवशी मी जे ओरडलो ते खाली हजेरीच्या खोलीत ऐकू गेलं म्हणतात.

ओरडायला कारण होतं. डंपचं सगळं दुखणं पाण्याचं असतं. कोरडा डंप गुमान बसून राहतो. त्याच्या पोटात पाणी मुरलं की माती जड होते, सुटते, आणि एक दिवस अख्खा उतार खाली येतो. म्हणून प्रत्येक टप्प्याला ढाळ द्यायचा, कडेनं नाली काढायची आणि पडलेलं पाणी कुठंही न थांबू देता ओढ्यात नेऊन सोडायचं. हे काम माझ्याकडे होतं. दिवसभर मी नाली नाली करत फिरायचो म्हणून कॉलनीत मला नालीसाहेब म्हणत. बायकोला नालीवहिनी म्हणत, आणि त्यावरून ती माझ्याशी भांडायची.

डंपच्या पायथ्याशी, नको तितक्या जवळ, पुनर्वसनाचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, होता. खाणीत ज्यांची शेतं गेली त्यांना तिथं घरं दिली होती. ती जागा ज्यांनी ठरवली ते साहेब कधीच बदली होऊन गेले होते. पत्रूजी त्याच टोल्यातले. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळालेले. धानाचा शेतकरी आहे, पाण्यातला माणूस आहे, म्हणून मीच त्यांना नाल्यांच्या देखरेखीवर मागून घेतलं. मग मी धनबादला ट्रेनिंगला गेलो. सगळा आषाढ तिकडे गेला. परत आलो तर हे!

"मी जाताना काय सांगून गेलो होतो?"

"पानी दिसलं का त्याले वाट करून द्या म्हनले."

"मग?"

"दिसलं जी पानी. पन साहेब, तुमीच सांगा, आलेलं पानी कोनी जाऊ देते काय?"

त्यांनी हे अगदी सरळपणे विचारलं. ह्या माणसानं मिसरूड फुटल्यापासून एकच काम केलं होतं: पाणी अडवायचं. आणि मी त्याला पाणी सोडायच्या नोकरीवर ठेवलं होतं. त्यानं माझ्या दगडी नालीच्या तोंडाला मातीचा बांध घातला होता, तोही असा देखणा, की आमच्या ठेकेदारानं आयुष्यात असं काम केलं नसतं.

"एवढा मोठा डंप पडला आहे. त्यात इथंच काहून?"

"इथंच होते जी धान," एवढं म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग जरा जवळ सरकून म्हणाले, "एकच तरास हाये साहेब. पानी टिकून नाई राह्यलं. रोज सकाळी पाहा, चार बोटं उतरलेलं राहते. खेकडा हाये. धुऱ्याले भोक पाडून राह्यला."

"खेकडा? डंपवर?"

"काहून? त्याले काय गेटपास लागते?"

मी बूट काढले. काय करता! बांधीच्या आतल्या कडेनं चिखलातून चालत गेलो, आणि वरचा टप्पा जिथं सुरू होतो तिथं गवतात मला ती चीर दिसली. हाताच्या पंजाएवढी रुंद, टप्प्याच्या लांबीनं सरळ गेलेली. बांधीतलं पाणी बारीक आवाज करत तिच्यात उतरत होतं. मी काठी घातली. अख्खी काठी गेली, तिच्यामागून माझा हात खांद्यापर्यंत गेला, तळ लागला नाही. रोजचं चार बोटं पाणी थेट डंपच्या पोटात जात होतं, आणि मघा नक्षत्राचा पाऊस अजून यायचा होता.

"हा पाहा तुमचा खेकडा," मी म्हणालो.

पत्रूजींनी वाकून चिरेत पाहिलं. "मोठा दिसते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच-सहा गडी फावड्यांसकट वर नेले. "फोडा हा धुरा आणि पाणी सोडा नालीत," असं सांगून मी चीर मोजायला पुढे गेलो. बराच वेळ झाला तरी फावड्याचा आवाज येईना. मागे वळून पाहतो तर सगळे गडी चपला काढून बांधीत उतरलेले, ओळीनं वाकलेले, आणि पत्रूजी धुऱ्यावरून त्यांना सूचना देतायत.

"अरे काय चाललंय काय!"

सोमा नावाचा मुकादम कंबर सरळ करत म्हणाला, "करगा लय माजला जी. काढून टाकतो. रानधान हाये ते, धानाचं खाते."

"तुला धुरा फोडायला आणलं की निंदायला?"

सोमानं मान खाली घातली. "साहेब, धान गर्भार हाये."

"बरं मग?"

"गर्भार धानाचं पानी नाई तोडत जी कोनी. दुश्मनाचं बी नाई तोडत."

सगळे गडी एकाच वेळी मान हलवू लागले. सगळे धानपट्ट्यातले, सगळ्यांच्या बांध्या खाणीत गेलेल्या. त्या दिवशी कंपनीच्या हजेरीवर पत्रूजींच्या बांधीचं निंदण झालं, आणि फार चांगलं झालं.

दुपारी मी डोझर मागवला. नत्थू ऑपरेटर टप्प्यावर आला, त्यानं काचेतून बांधी पाहिली आणि मशीन बंद केलं.

"पट्टा तुटला साहेब."

"आत्ता तर चालत आला ना तू!"

"हव. आता तुटला."

"अबे, तू खाली उतरून पाहिलं तरी का?"

"आवाजावरून समजते जी," असं म्हणून त्यानं डब्यातली भाकर काढली.

माझं डोकं सरकलं. मी स्वतः फावडं उचललं, धुऱ्यावर चढलो आणि सगळ्या ताकदीनं हाणलं. धुरा पत्रूजींनी थापलेला होता, गुळगुळीत. फावडं घसरलं, मी घसरलो आणि उताणा बांधीत पडलो. सगळे गडी धावत आले. मला बरं वाटलं, म्हटलं एवढं तरी प्रेम आहे.

"उठा साहेब, लवकर उठा!" सोमा ओरडत होता. "खाली धान दबून राह्यलं!"

चिखलानं लडबडलेला मी तसाच व्यवस्थापक वैरागडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"या गिरडकर. बसू नका, खुर्ची खराब होईल." साहेब मजेत होते. "पाहून आलो मी आपली बांधी. काय दिसते हो! कोळशाच्या डंपवर धान! अख्ख्या कंपनीत कुठं नाही. परवा मुख्य कार्यालयातून सबनीस मॅडम येताहेत, हिरवाई पाहायला. पत्रूजींचा सत्कार ठेवलाय तिथंच, वर. शाल, श्रीफळ, फोटो."

"साहेब, तिथं चीर पडली आहे."

"झाकता येईल?"

"साहेब! बांधीतलं सगळं पाणी आत जातंय. जोराचा पाऊस आला तर उतार बसेल. खाली टोला आहे."

"गिरडकर, तुमच्या डोक्यात नाली सोडून काही आहे का हो?" साहेबांनी पेन ठेवलं. "परवा मॅडम गेल्या की फोडा, खोदा, काय पाहिजे ते करा. तोवर त्या धुऱ्याला हात लावायचा नाही. टोला इतकी वर्षं आहे, परवापर्यंत राहील."

मी रागानं इतका थरथरत होतो की चिखलाचे थेंब त्यांच्या टेबलावर उडाले. पण ते साहेब होते. मी तिथून निघालो तो सरळ टोल्यात गेलो. निदान लोकांना सांगावं म्हटलं.

पत्रूजींचं घर शेवटचं, डंपला अगदी खेटून. मागे गोठा, गोठ्यात म्हैस, गोठ्याच्या मागे उतार सुरू. त्यांची बायको बयनाबाई अंगण झाडत होती. तिनं मला खालून वर पाहिलं.

"बाप्पा! साहेब, कुठं लोळून आले जी? थांबा तिथंच. आंगनात चिखल नोको."

तिनं बादली आणून दिली. पाणी गार होतं. मी पाय धुता धुता विचारलं, "हापशी सुरू झाली वाटते?"

"हापशी कायले लागते आता! परसात झरा लागला ना." ती खूश होऊन सांगू लागली. "नागपंचमीपासून. म्या शंकराचे सोमवार धरले, त्याचं फळ हाये. आता अख्खा टोला माह्याकडं पानी भराले येते. मी कोनाले नाई म्हनत नाई. फक्त चपला बाहेर काढा म्हनते."

मी परसात गेलो. उताराच्या पायथ्याशी, गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, पाण्याची मनगटाएवढी धार बाहेर येत होती. तिनं दगड लावून, हळदीकुंकू वाहून तिथं छोटीशी न्हाणीच केली होती.

"पहिलं लय साफ होतं," ती मागून म्हणाली. "आज जरा गढूळ येऊन राह्यलं."

मी तिथंच दगडावर बसलो. साफ पाणी झिरपणं वाईटच. पण गढूळ पाणी येतं याचा अर्थ ते आतली माती घेऊन बाहेर येतं. डंप आतून पोखरला जात होता. वर नवरा ज्या पाण्यावर खूश होता त्याच पाण्यावर खाली बायको खूश होती, आणि मधल्या डोंगराचं दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात पत्रूजी ड्यूटीवरून आले. मी त्यांना हात धरून झऱ्यापाशी नेलं. "हे पाणी तुमच्या बांधीचं आहे."

दोघं नवराबायको एकमेकांकडे पाहून हसायला लागले. "बांधी कुठं, झरा कुठं!" बयनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"मधात एवढा मोठा डंप हाये साहेब," पत्रूजी मला समजावू लागले. "पानी काय दगडातून चालत येते?"

"येते. सिद्ध करून दाखवू? वर चिरेत रंग टाकतो. इथं रंग निघाला तर?"

पत्रूजींनी जरा विचार केला. "तं मी सोता फोडतो धुरा. कोनाले सांगू नोका, मी फोडतो. आन नाई निंघाला तं?"

"तर कापणीपर्यंत रोज निंदायला येतो."

"नोको जी," पत्रूजी घाईनं म्हणाले. "तुमी येऊ नोका. धान मोडते."

आमच्या करमणूक क्लबच्या कपाटात होळीचा उरलेला रंग होता, पक्का गुलाबी, जो मागच्या होळीला माझ्या कानामागून पाडव्यापर्यंत निघाला नव्हता. ती अख्खी पिशवी मी संध्याकाळी चिरेत रिकामी केली. बयनाबाईला बजावून आलो, दोन दिवस झऱ्याचं पाणी पिऊ नका, म्हशीला देऊ नका. ती बरं म्हणाली. मग सोमाला आणि गड्यांना घेऊन नाली साफ करायला घेतली. धुरा सोडून बाकी काय वाटेल ते करायला ते तयार होते. पार ओढ्यापर्यंत नाली चकचकीत झाली, फक्त तिच्यात पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चारदा झऱ्यावर गेलो. रंग नाही. गढूळपणा मात्र वाढलेला. पत्रूजी मला पाहिलं की विचारायचे, "खेकडा भेटला काय साहेब?" मला जेवण गेलं नाही. रंग निघाला नाही तर हा माणूस कधीच ऐकणार नाही आणि बाकीचे त्याच्याशिवाय ऐकणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं. आकाश दक्षिणेकडून काळं होत आलं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी वर मांडव. वैरागडे साहेबांनी चिरेवर हिरवी चटई अंथरून तिच्यावरच खुर्च्या मांडल्या होत्या. मी म्हटलं, खुर्च्या तरी सरकवा. ते म्हणाले, फोटोत इथून धान चांगलं येतं. सबनीस मॅडम आल्या. पांढरे केस, साधी साडी, डोळे शांत. टोल्यातले, खाणीतले शे-दीडशे लोक जमले. सत्कारमूर्तींचा पत्ता नव्हता. जीप पाठवली. जीप आली, आणि पत्रूजी उतरले.

डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. सदरा गुलाबी, धोतर गुलाबी, टोपी गुलाबी. असं झगझगीत गुलाबी मी लग्नातल्या शामियान्यातसुद्धा पाहिलेलं नाही. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा डंप हसायला लागला.

"ही इथली पारंपरिक वेशभूषा आहे का?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम," वैरागडे साहेब म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही त्यांची. "धान गर्भार असताना घालतात. फार जुनी प्रथा."

पत्रूजी कोणाकडे न पाहता येऊन उभे राहिले. मॅडमनी शाल घातली, नारळ दिला. लोक टाळ्या वाजवत होते आणि पत्रूजी आपल्या धोतराकडे पाहत होते. मी गर्दीत उभा होतो. हसू का रडू मला समजेना.

तेवढ्यात मागून बयनाबाईचा आवाज आला. कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढून आली होती, श्वास लागला होता, आणि संतापानं तिचा चेहराही गुलाबीच झाला होता.

"कोनाचं काम हाये हे? आं? माह्या झऱ्यात कोनी रंग कालवला? सत्काराचे कपडे म्हनून काल अंधार पडता पडता झऱ्यावर धुतले, दोरीवर टाकले. सकाळी पाहते तं हे! घरात दुसरं धोतर नाई धड. आन पाहा, झऱ्याले काय झालं माह्या!" तिनं कळशी सगळ्यांच्या समोर ओतली. गुलाबी पाणी हिरव्या चटईवर पसरलं.

पत्रूजींनी मला गर्दीत शोधलं. "साहेब, तुमचाच रंग?"

"माझाच."

"चिरेतला?"

"चिरेतला."

मॅडमना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी कार्यक्रम पुढे न्यावा म्हणून विचारलं, "पत्रूजी, एवढ्या मोठ्या डंपवर तुम्ही हीच जागा का निवडली?"

वैरागडे साहेब पुढं झुकले. कंपनीच्या प्रेरणेनं, असं म्हणायचं त्यांनी पत्रूजींकडून पाठ करून घेतलं होतं.

"निवडली नाई जी," पत्रूजी म्हणाले. "ही माहीच हाये."

"तुमची म्हणजे?"

"खान सुरू झाली तवा पहिली माही बांधी खोदली. जवाई डंपर चालवते माहा. तो म्हने, मामाजी, तुमची माती दुसऱ्या टप्प्यावर नेऊन टाकली. मी आलो पाहाले. हातात घेतली आन ओळखली. माह्या बापानं शेण टाकू टाकू केलेली माती, ओळखाले येनार नाई काय? बाकी सगळा मुरूम हाये इथं, दगडं. हा एवढाच तुकडा माहा. म्हनून इथंच धान होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गिरडकर साहेब रोज विचारे, इथंच काहून, इथंच काहून. सांगितलं असतं तं हसले असते लोकं."

कोणी हसलं नाही. सोमा दुसरीकडे तोंड करून उभा होता. नत्थू ऑपरेटरच्या हातातला भाकरीचा डबा तसाच राहिला.

पत्रूजींनी नारळ मॅडमच्या हातात परत दिला. "धरा जी जरा." शाल कमरेला गुंडाळली आणि फावडं उचललं. मी पुढं झालो. "द्या पत्रूजी, मी फोडतो."

"नाई. दुसऱ्यानं नाई फोडाची. मी म्हनलो होतो, मी फोडीन." ते धुऱ्यावर चढले आणि तिथून बायकोशी बोलले, जसं काही दुसरं कोणी तिथं नव्हतंच. "तू खाली झोपते. मी खाली झोपतो. म्हैस खाली बांधून हाये. आन मी इथून रोज आपल्याच डोक्शावर पानी भरून राह्यलो वो."

बयनाबाईनं तोंडावर पदर घेतला.

ते वाकले, बांधीतला चिखल बोटानं कपाळाला लावला आणि फावडं घातलं. पहिला घाव, दुसरा घाव, आणि धुरा फुटला. पाणी फुसांडत निघालं. मला रडू आलं. लपवत नाही, चांगलं हुंदके देऊन आलं. ज्या पाण्यासाठी मी दोन दिवस ओरडत होतो ते माझ्या नालीत धावत होतं आणि मी भैताडासारखा रडत होतो. मग सोमानं फावडं घेतलं, त्याच्या मागून गडी उतरले, आणि बघता बघता धुऱ्याला चार ठिकाणी वाटा झाल्या. एक वाट वैरागडे साहेबांच्या नव्या बुटांवरून गेली. साहेब घाईनं खुर्चीवर चढले. खुर्चीचा मागचा पाय चटईतून आत गेला, आणि साहेब खुर्चीसकट मागे कलंडले.

मॅडमनी नारळ काखेत धरून चटईचं टोक उचललं. चिरेकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"ही चीर कोणी झाकली?"

साहेब दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते.

"कमीत कमी खुर्चीला तरी समजलं," मी म्हणालो. नको होतं बोलायला, पण माझं तोंड असंच.

त्याच संध्याकाळी मॅडमच्या हुकमानं टोला रिकामा झाला. सगळे बिऱ्हाडासकट गावच्या शाळेत गेले. बयनाबाई म्हैस सोडून यायला तयार नव्हती, म्हणून म्हैसही शाळेत गेली आणि तिसरीच्या वर्गात राहिली.

मघा लागल्या आणि पाऊस कोसळायला लागला. आम्ही नाल्यांवर उभे होतो, भिजत. एका दुपारी पाऊस थांबला, आणि थांबल्यावर, कोणाचं लक्ष नसताना, दुसरा टप्पा बसला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. आधी चीर उघडली, मग टप्प्याचा तो अख्खा तुकडा सावकाश, एखादा म्हातारा पायऱ्या उतरतो तसा, खाली गेला. पाणी पोटात असतं तर सगळा चिखल होऊन टोल्यावरून धावत गेला असता. पाणी नव्हतं म्हणून उताराच्या पायथ्याशी जाऊन थांबला.

दोन दिवसांनी, माती हलायची थांबली आहे अशी खात्री करून, मी पत्रूजी आणि बयनाबाईला घर दाखवायला नेलं. बाकी घरांना काही झालं नव्हतं. गोठ्याची मागची भिंत तेवढी पडली होती. आणि गोठ्यातून परसापर्यंत, परसातून अंगणाच्या मधोमध, माती येऊन पसरली होती. मुरूम नव्हता, दगड नव्हते. तपकिरी, मऊ माती. तिच्यात धानाची बुडखी कुठं आडवी, कुठं सरळ उभी होती. काही लोंब्या बाहेर पडल्या होत्या.

पत्रूजी मातीत गुडघ्यावर बसले. मूठभर घेतली, दाबली, वास घेतला. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते.

"पाहाय वो," ते म्हणाले. "बांधी घरी आली."

बयनाबाई अंगणाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्या पसाऱ्याकडे.

"आली तं आली जी," ती म्हणाली आणि पदर खोचून कोपऱ्यातलं फावडं हातात घेतलं. "पन तिले म्हना, परसात राह्य. आंगनात चिखल नोको."